‘पांढरं जातंय’ एवढ्यावर गोळी घेऊ नका

या वेळी आलेल्या पत्रांमधे आणि मेसेजेसमधे निम्म्याहून जास्त प्रश्न खालच्या जागेचे आहेत. पांढरं जाणं, खाज, वास, जळजळ. आणि जवळजवळ प्रत्येकीने शेवटी लिहिलंय, ‘मॅडम गोळीचं नाव सांगा’. नावं मी सांगणार आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण आजार कोणता ते आधी कळायला हवं आणि ते नुसत्या पत्रावरून पूर्ण कळत नाही, म्हणून प्रत्येक उत्तरात मी ‘तपासून घ्या’ म्हणणारच आहे, कंटाळू नका. नावं-गावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी २१ वर्षांची आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहून एमपीएससीची तयारी करते. मला जवळजवळ रोज पांढरं जातं, कधी पाण्यासारखं, कधी तार निघते असं चिकट. काळ्या पँटीचा तेवढ्याच जागेवरचा रंग उडून नारिंगी झालाय. खाज नाही, वास नाही. आजी म्हणते पांढरं जाऊन जाऊन हाडं झिजतात, म्हणूनच तुझी कंबर दुखते. लग्न झालेलं नाही म्हणून डॉक्टरकडे जायला भीती वाटते.

उत्तर : अगं, तू जे लिहिलंयस त्यात आजाराचं काहीच नाही. वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत प्रत्येक बाईला थोडं पांढरं जातंच. योनीच्या आतल्या पेशींमधे ग्लायकोजेन नावाची एक साखर साठलेली असते, ती खाऊन लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू लॅक्टिक ॲसिड बनवतात, म्हणजे दूध विरजल्यावर जी आंबट क्रिया होते ना, तशीच काहीशी आत कायम चालू असते. त्यामुळे तिथला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट), साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि या आंबटपणात बाहेरचे वाईट जंतू टिकत नाहीत. तुझ्या काळ्या पँटीचा रंग उडतो तो या ॲसिडमुळेच, म्हणजे तो डाग बघून घाबरायचं नाही, आत सगळं ठीक चाललंय असंच त्यातून समजायचं.

हे पाणी महिनाभर एकसारखं नसतं. पाळी संपल्यावर कोरडं वाटतं, मग पाळी-पाळीच्या मधे तीन-चार दिवस अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं पारदर्शक आणि ताणलं तर तार निघेल असं होतं, तेव्हा अंडाशयातून बीज बाहेर पडत असतं, आणि त्यानंतर परत घट्ट, दुधाळ. एक महिना वहीत लिहून ठेव, तुझं तुलाच कळेल.

आता हाडांचं. या पाण्यात असतं काय, तर चिकट स्राव, पाणी, गळलेल्या पेशी आणि जंतू. हाडाचा त्यात कणभर अंश नसतो. आजीला कुणी सांगितलं नाही तर तिला कळणार कसं, तिच्यावर रागावू नकोस, पण तिला हे वाचून दाखव. तुझी कंबर दुखते ती अभ्यासिकेच्या खुर्चीत दहा-बारा तास बसून दुखत असणार, दर तासाला उठून पाच मिनिटं चालून बघ, आणि एकदा हिमोग्लोबिन करून घे कारण हॉस्टेलच्या जेवणावर राहणाऱ्या मुलींचं ते बरेचदा कमी निघतं.

धुण्याबद्दल एवढंच, की बाहेरून साध्या पाण्याने धुवायचं, आत बोट घालून किंवा पाण्याचा फवारा मारून धुवायचं नाही. तुरटीचं पाणी, कडुलिंबाचं पाणी, अँटिसेप्टिकचे थेंब, सुगंधी वॉश, यातलं काहीही आत गेलं की ते चांगले जंतू मरतात आणि जो त्रास नव्हता तो सुरू होतो. रोज पँटी लायनर लावून बसणंही नको, घाम धरतो.

आणि डॉक्टरची भीती. ज्या मुलीचा कधी संबंध आलेला नाही तिची आतून तपासणी सहसा करतच नाहीत, बाहेरून बघतात, लागलंच तर कापसाच्या काडीने थोडा स्राव घेतात. तू १८ च्या वर आहेस, घरचं कुणी बरोबर असायलाच हवं असं नाही. संबंध आलाय का हे विचारतील, तेव्हा खरं सांग, ते दुसऱ्या कुणाला सांगायची डॉक्टरला परवानगी नसते. खाज सुटली, वास आला, रंग हिरवा-पिवळा-राखाडी झाला, ओटीपोटात दुखून ताप आला तर मात्र वाट बघू नकोस.

प्रश्न : वय ३८, नाशिक. मला दीड वर्षापासून तिथे भयंकर खाज सुटते, फाटलेल्या दुधासारखं जातं, लघवीला झोंबतं. मेडिकलमधून एक ट्यूब आणि एक गोळी आणते, आठ दिवस बरं वाटतं की परत सुरू. असं सहा-सात वेळा झालं. आता जांघेत काळं पडलंय आणि कातडी पातळ होऊन रेघा आल्यात. मला शुगर आहे, मागच्या वर्षी डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. खाली दही लावू का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि वाईट वाटलं, कारण दीड वर्षात या त्रासासाठी एकाही माणसाने तुम्हाला तपासलेलं नाही.

तुमच्या वर्णनावरून हे बुरशीचं, म्हणजे कॅन्डिडाचं इन्फेक्शन वाटतं. दर चार बायकांमधल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी ते होतं, लाज वाटायचं काही कारण नाही. खाज प्रचंड, स्राव घट्ट दह्याच्या कवडीसारखा, वास जवळजवळ नसतो. साधं असेल तर उपचारही साधा आहे. क्लोट्रिमाझोलची गोळी रात्री झोपताना आत ठेवायची, ५०० मिलीग्रॅमची एकच किंवा कमी ताकदीची असेल तर तीन ते सहा-सात रात्री, नाहीतर तोंडाने फ्लुकोनाझोल १५० मिलीग्रॅम एकदा. बहुतेकींना यावर आराम पडतो.

पण तुम्हाला ते परत परत होतंय. वर्षातून तीन किंवा जास्त वेळा झालं तर एका गोळीवर भागत नाही. आधी स्राव तपासायचा, कल्चर करून कोणती बुरशी आहे ते बघायचं, कारण काही जातींना फ्लुकोनाझोल नीट लागू पडत नाही. ते लागू पडणारी असेल तर मग फ्लुकोनाझोलचे सुरुवातीला तीन-तीन दिवसांनी तीन डोस आणि पुढे आठवड्याला एक असं सहा महिने, हे डॉक्टरच्या देखरेखीखाली.

दुसरं, शुगरची नवीन गोळी कोणती आहे ते पाकिटावर वाचून बघा. नावात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि ती साखर त्या जागेला लागून बुरशीला आयतं खाणं मिळतं. हा त्या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. गोळी चांगली आहे, हृदयाला आणि किडनीला तिचा फायदा होतो, म्हणून परस्पर बंद करू नका, पण शुगरच्या डॉक्टरांना हा त्रास सांगा, बहुतेक तुम्ही लाजून सांगितलाच नसेल. तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीए१सी तपासणीही करून घ्या.

आणि ती ट्यूब. माझ्याकडे अशाच तक्रारीने येणाऱ्या बायकांना मी ट्यूब पर्समधून काढून दाखवायला सांगते आणि मागचं बारीक अक्षरातलं मोठ्याने वाचायला लावते. बहुतेक वेळा एकाच ट्यूबमधे बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन अशी भेळ असते. ही शेवटची दोन स्टेरॉइड आहेत. स्टेरॉइडने खाज दोन दिवसात दबते म्हणून वाटतं की औषध लागू पडलं, आत बुरशी मात्र वाढतच राहते आणि कातडी पातळ होते. तुमच्या जांघेतल्या रेघा त्याच्याच असाव्यात. २०१८ मधे सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, तरी ती काउंटरवर मिळतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कशी बंद करायची ते तेच सांगतील. रेघा पूर्ण जाणार नाहीत, पण पुढचं नुकसान थांबेल.

तुम्ही विचारलंय की दही लावू का. खा खुशाल, आत लावू नका. घरच्या विरजणातले जंतू आणि योनीतले जंतू एका घराण्यातले असले तरी एक नाहीत.

प्रश्न : वय २९, ठाणे. खाज नाही पण माशासारखा वास येतो, संबंध झाल्यावर जास्तच. दोनदा औषध घेतलं, बरं झालं आणि परत आलं. मिस्टर म्हणतात तू स्वच्छता ठेवत नाहीस. मी दिवसातून तीनदा साबणाने धुते. ऑफिसमधे कुणाशेजारी बसायलाही नको वाटतं.

उत्तर : तुमच्या मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या. हा वास अस्वच्छतेचा नाही. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. वर ज्या चांगल्या जंतूंबद्दल लिहिलं ते कमी होतात आणि गार्डनेरेलासारखे दुसरे जंतू त्यांची जागा घेतात, आंबटपणा जातो, पीएच ४.५ च्या वर चढतो, पातळ राखाडीसर पाणी जातं. वीर्य आम्लारी, म्हणजे आंबटाच्या उलट असतं म्हणून संबंधानंतर वास उसळतो. तुम्ही जितकं जास्त साबणाने धुताय तितकं ते वाढतंय, ते आजच थांबवा.

याची तपासणी किती साधी असते ते सांगते. स्पेक्युलम, म्हणजे आतलं नीट दिसावं म्हणून घालायचं उपकरण, कोमट पाण्यात धरून आत घालायचा, एक मिनिटही लागत नाही, स्रावाला पीएचचा कागद लावायचा, रंग बदलतो. काचेवर एक थेंब स्राव आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की तोच वास भपकन येतो. दुसऱ्या काचेवर सलाइनचा थेंब घालून मायक्रोस्कोपखाली बघितलं की पेशींच्या कडा जंतूंनी भरून धूसर झालेल्या दिसतात. कधी कधी त्याच थेंबात शेपटी हलवत पळणारे ट्रायकोमोनास दिसतात, तो वेगळा आजार, संबंधातून येणारा, त्यात फेसाळ पिवळं-हिरवं जातं आणि त्यात नवऱ्यालाही औषध द्यावंच लागतं, नाहीतर तिचं बरं होऊन काही उपयोग नाही. बुरशी, व्हजायनोसिस आणि ट्रायकोमोनास, तिघांनाही बायका एकच शब्द वापरतात, ‘पांढरं जातं’, आणि बुरशीचं औषध बाकी दोघांना चालत नाही, त्यांचं बुरशीला चालत नाही, म्हणून तर मी तपासा तपासा करते.

व्हजायनोसिसवर मेट्रोनिडाझोल, दिवसातून दोनदा, सात दिवस, जेवणानंतर, तोंडाला धातूसारखी चव येते पण कोर्स अर्धवट सोडायचा नाही. किंवा क्लिंडामायसिन क्रीम सात रात्री. गंमत नाही, खरंच निम्म्याहून जास्त बायकांना वर्षभरात हे परत होतं, त्यामुळे तुमचं काही चुकलं असं समजू नका.

आणि आता जे सांगते ते मिस्टरांसाठी. पूर्वी आम्ही म्हणायचो यात पुरुषाला औषध देऊन फरक पडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा २०२५ मधे एक अभ्यास छापून आला, त्यात निम्म्या जोडप्यांमधे नवऱ्यालाही सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि शिस्नावर लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिलं. बारा आठवड्यात फक्त बायकोला औषध दिलेल्या गटात ६३ टक्के बायकांना परत झालं, दोघांना दिलेल्या गटात ३५ टक्के. फरक इतका मोठा होता की अभ्यास वेळेआधी थांबवला. म्हणजे जंतू त्यांच्याकडेही राहत असतात, त्यांना त्रास होत नाही एवढंच. दोघं मिळून डॉक्टरकडे जा, दोघांचा कोर्स एकाच वेळी, तेवढे दिवस संबंध नको.

प्रश्न : वय ३१, बीड जिल्हा. आम्ही ऊसतोडीला जातो. पांढरं लई जातं, ओटीपोट दुखतं. डॉक्टर म्हणाले पिशवीला सूज आहे, दोन लेकरं झालीत ना मग काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. मुकादमाची उचल घेतलेली आहे, खाडा परवडत नाही. काढू का?

उत्तर : बाई, नका काढू. निदान दुसऱ्या डॉक्टरला, सरकारी दवाखान्यातल्या, दाखवल्याशिवाय अजिबात नका काढू.

‘पिशवीला सूज’ म्हणजे बरेचदा इन्फेक्शन वर चढलेलं असतं. त्याला १४ दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या असतात, नवऱ्यालाही औषध देतात. सोनोग्राफी आणि तपासणी करून मग काय ते ठरतं. साध्या इन्फेक्शनचा कॅन्सर होत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो एचपीव्ही नावाच्या विषाणूने, आणि त्याची चाचणी सरकारी दवाखान्यात तिशीपुढच्या बायकांना फुकट करतात, ॲसिटिक ॲसिड लावून तोंड पांढरं पडतं का बघतात, पाच-दहा मिनिटांचं काम. तुम्ही ३१ च्या आहात, तीही करून घ्या. संबंधानंतर रक्त दिसत असेल किंवा घाण वासाचं तांबूस पाणी जात असेल तर तर नक्कीच, लगेच.

पिशवी काढून पांढरं जाणं थांबेल असं सांगितलं असेल तर तेही खरं नाही, कारण इन्फेक्शन योनीत असेल तर पिशवी गेली तरी योनी तिथेच राहते. वर पुण्याच्या मुलीची आजी म्हणाली ना, पांढरं जाऊन हाडं झिजतात. हाडं खरोखर झिजतात ती पिशवीबरोबर अंडाशयं काढली तर, कारण मग पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं. नुसती पिशवी काढली तरी अंडाशयं काही वर्षं आधी थकतात. तिशीतली बाई, कोयत्याचं काम, डोक्यावर मोळी, आणि हाडं म्हातारीची, हे मी बघितलंय.

तुम्ही एकट्या नाही. २०१९ मधे राज्य सरकारच्या समितीसाठी तुमच्याच जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर बीडमधे खासगी दवाखान्यांनी अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची असं ठरवण्यात आलं. तुम्ही सरळ विचारा, ‘परवानगीचा कागद कुठाय?’ कारखान्यावर निघायच्या आधी जिल्हा रुग्णालयात जाऊन या. एक दिवसाचा खाडा होईल, मला कळतं तो किती महाग आहे, पण ऑपरेशनचं कर्ज आणि त्यानंतरचे महिने त्याहून महाग पडतात. कोपीवर पाणी नसतं, आडोसा नसतो, हे तुमच्या हातात नाही, पण पाळीचं कापड उन्हात वाळवायचं, लाजून पोत्याखाली ओलं ठेवायचं नाही, एवढं करा.

प्रश्न : आईचं वय ६१. तिला खाली कोरडेपणा, आग, दर दोन महिन्यांनी लघवीचं इन्फेक्शन. ती म्हणते या वयात काय दाखवायचं.

उत्तर : या वयात तर दाखवायचंच. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन संपतं, आतलं अस्तर पातळ होतं, आंबटपणा जातो. इस्ट्रिओल क्रीम आत लावायला देतात, दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा, महिन्या-दोन महिन्यात आग कमी होते आणि लघवीची इन्फेक्शनंही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी सांगायचं. बाहेर पांढरे चट्टे आणि खाज असेल तर ते लायकेन स्क्लेरोसस, म्हणजे कातडीचा एक आजार असू शकतं, आणि त्यात मात्र तेच क्लोबेटासोल, जे नाशिकच्या ताईंना मी बंद करायला सांगितलं, खरा उपचार आहे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात सोनोग्राफी.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे, घट्ट पांढरं आणि खाज. बहिणीला दिलेली एकच गोळी मी घेतली तर चालेल?

उत्तर : नाही. ती बहुतेक फ्लुकोनाझोल असेल, गरोदरपणात तोंडाने घ्यायची नाही. क्लोट्रिमाझोल आत ठेवायचं सात रात्री, तेही तुमच्या डॉक्टरांना विचारून. आणि कधीही एकदम पाण्यासारखं ओघळलं, पॅड भिजलं, तर ते गर्भजल असू शकतं, घरी थांबू नका.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे, गडचिरोलीच्या बाजूला. बायका ‘काही त्रास नाही’ म्हणतात आणि मग सहा महिन्यांनी वाईट अवस्थेत येतात. विचारायचं कसं?

उत्तर : ताई, तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावातल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्यातल्या कित्येकींची तक्रारच नव्हती, इतकं ते बाईच्या जन्माचा भाग म्हणून धरलेलं.

‘पांढरं जातं का’ असं ओसरीवर सासूसमोर विचारलं तर ‘नाही’च येणार. मी सुरुवात कंबरदुखीपासून करते, मग लघवीला आग होते का, मग कापड धुताना डाग कोणत्या रंगाचा दिसतो. डागाचा रंग सांगायला बाई लाजत नाही, तो कपड्याचा असतो. हिरवट-पिवळा, राखाडी, तांबूस असं काही म्हणाली की तिला घेऊन निघायचं. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे तपासणी आणि औषध फुकट. योनीस्रावासाठीच्या औषधांचं किट हिरव्या रंगाचं असतं, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल दोन्ही असतात, म्हणजे तिन्ही नेहमीच्या इन्फेक्शनवर मारा होतो. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं किट, ते वेगळं, दोन आठवड्यांचं. आणि जायच्या आदल्या रात्री तिने आत काही धुवायचं नाही, गोळी ठेवायची नाही, संबंध ठेवायचा नाही, नाहीतर काचेवर काहीच दिसत नाही आणि तिची चक्कर फुकट जाते. पाळी चालू असेल तर ती संपल्यावर न्या. पहिल्या खेपेला तुम्ही आत तिच्या उशाशी उभ्या रहा.